गिरणीगावची गोदावरी

जिवंत माणसांपेक्षा मेलेल्या माणसांचे पत्ते ज्याला जास्त पाठ आहेत, असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्नच्या विद्यार्थी-वसतिगृहात तो माझा खोलीशेजारी होता. मी इंजिनं शिकायला आलो होतो, तो संख्याशास्त्रात डॉक्टरेट करायला. त्याचा विषय होता शंभर वर्षांपूर्वीच्या, एडवर्ड राजाच्या काळातल्या एका इंग्लिश गिरणीगावाचा एक भाग. तिथले जन्म, मृत्यू आणि रोगराई. त्या जुन्या नोंदवह्या तो दिवसभर संगणकात उतरवायचा आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात आम्हाला सात नंबरच्या घरातल्या विणकराच्या खोकल्याची खबर द्यायचा. व्हिसा वाढवायला गेला तेव्हा कचेरीतल्या बाईंनी पत्ता विचारला, तर गड्यानं त्या विणकराच्या गल्लीचं नाव सांगितलं. बाई बराच वेळ शहराच्या यादीत ती गल्ली शोधत बसल्या होत्या.

त्या गावच्या आरोग्याधिकाऱ्याचे अहवाल वाचून वाचून याच्या अंगात तो अधिकारीच संचारला होता. कुणाच्या घरी गेला की एका खोलीत किती जण झोपतात ते आधी विचारी, चहा नंतर घेई. भर फेब्रुवारीत स्वयंपाकघराच्या खिडक्या सताड उघडून ठेवी आणि आम्ही कानटोप्या घालून पोळ्या लाटायचो. एरवी 'ल्युफ्टन, ल्युफ्टन', म्हणजे हवा येऊ द्या, म्हणून आम्हा भारतीयांना धारेवर धरणारा हाउसमाइस्टर, म्हणजे वसतिगृहाची देखरेख करणारा माणूस, याच्यावर मात्र जाम खूश होता. आमच्यासमोर तो याचं उदाहरण द्यायचा, आणि आमचा जळफळाट व्हायचा. दुधाचं तर विचारूच नका. त्या गावात उन्हाळ्यात दुधापायी पोरं दगावायची, म्हणून हा दुकानातलं महिनोन्महिने टिकणारं दूधसुद्धा दोन-दोनदा तापवी. हे आधीच तापवलेलं असतं, असं मी पुडक्यावरचं जर्मन वाचून दाखवलं, तर म्हणाला, "तिथला गवळीही तेच सांगायचा."

असा हा माणूस गोत्यात आला तो तान्ह्या मुलांपायी. नाव ठेवायच्या आधीच गेलेली कितीतरी मुलं त्या वह्यांत होती. अमक्या विणकराची मुलगी, वय दोन दिवस, आणि नावाचा रकाना कोरा. संगणकाचा प्रोग्राम कोरा रकाना घेईना. एखादा आकडा टाकून भागलं असतं, पण यानं एकेका मुलाचं बारसं केलं आणि सुचतील ती नावं ठेवली. त्याच्या विभागातल्या चर्चासत्राला मी केकच्या आशेनं गेलो होतो. पडद्यावर तक्ता आला आणि त्याच्या प्रोफेसरबाईंनी शांतपणे विचारलं, "ही गोदावरी कोण?" गोदावरीच्या खाली दत्तात्रय होता, त्याच्या खाली इंदू.

मला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. नोंदीत पदरचं घालणं म्हणजे नोंद खोटी करणं, असं त्यांनी सर्वांदेखत सुनावलं. आठवड्याच्या आत सगळी नावं काढून तक्ता मूळ वह्यांशी ताडून दाखवला नाही, तर प्रबंधावर त्या सही करणार नव्हत्या. म्हणजे चार वर्षं पाण्यात, आणि व्हिसाही गेला. मला त्याचा रागच आला. इतका हुशार माणूस, आणि असला बावळटपणा करतो म्हणजे काय?

शनिवारी त्याच्या शेजारी बसून मी एकेक नाव वाचू लागलो आणि तो ते पुसून आकडा टाकू लागला. 'अनंत' आलं तेव्हा त्याचा हात थांबला.

"माझ्या आईचं पहिलं मूल नवव्या दिवशी गेलं," पडद्याकडे बघतच तो म्हणाला. "हे नाव ठरलं होतं. पण ठेवलं नव्हतं ना, म्हणून घरात कुणी उच्चारत नाही. आई अजून नुसतं 'ते' म्हणते."

मी म्हटलं, हे एक राहू दे, बाईंच्या लक्षातही येणार नाही. त्यानं मान हलवली. "नको. बाईंचं बरोबर आहे. हा त्या विणकराचा मुलगा आहे." त्यानं आकडा टाकला. मला फार वाईट वाटलं, आणि पुढचं नाव काही नीट वाचता येईना.

प्रबंध झाला. तो नाशिकच्या एका कॉलेजात शिकवायला गेला, मी र्युसेल्सहाइमला मोटारींच्या कारखान्यात चिकटलो. काही वर्षांनी आम्हाला मुलगी झाली. इस्पितळात पहिल्याच दिवशी नावाचा फॉर्म पुढे आला. बारशाआधी नाव सांगायचं नाही म्हणून सासूबाई फोनवर हटून बसल्या, आणि मी आपला थांबायचं ठरवलं. मग बातमी द्यायला त्याला फोन केला. अभिनंदन वगैरे काही नाही, त्यानं एकदम विचारलं, नाव लिहिलंस का? मी बारशाचं सांगितलं.

"बारसं कर रे बाराव्या दिवशी, थाटात कर," तो म्हणाला. "पण कागदावर आज लिही."

मी लिहिलं. सासूबाई महिनाभर फुगून होत्या. त्यानं मात्र तिचं पूर्ण नाव, जन्मवेळ आणि आमचा पत्ता पिनकोडासकट उतरवून घेतला. तेव्हापासून दर वाढदिवसाला नाशिकहून एक पाकीट येतं. त्यावर तिचं पूर्ण नाव असतं, माझा साधा उल्लेखही नसतो. ती आता तीन वर्षांची आहे. वाचता येत नाही, पण तेवढी अक्षरं ओळखते. त्यांच्यावर बोट ठेवून ती जर्मनमध्ये सांगते, "दास बिन इश." ही मी.