मोतीची गाठ आणि उंदरांचा जीव

मैत्रिणींनो, आज सकाळी आमचा कुत्रा मोती गेला. रक्तवाहिन्यांचा कर्करोग होता. पोटातली गाठ फुटली.

परभणीच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मावशी, गाठीचा तुकडा द्याल? उंदरांच्या अंगात ती वाढवून बघायचंय, शरीरातल्या रक्षक पेशी या रोगाशी लढतात की त्यालाच साथ देतात."

"मग उंदरांचं काय होतं?"

"मारावे लागतात."

आमच्याकडं पिंजऱ्यात सापडलेला उंदीरही गणपतीचा म्हणून शेतात सोडतात. हे म्हणाले, "आता देवाला काय सांगतीस?"

मी मोतीच्या पांढऱ्याफटक पडलेल्या हिरड्या बघितल्या आणि सही केली.

संध्याकाळी आरतीला उभी राहिले, तर देवाच्या पायाशी बसलेल्या उंदराकडं बघवेना. तुमी सही केली असती का?