एका मडक्यातलं चीज

माझ्या पायाला भिंगरी लागलीय, असं सासूबाई नेहमी म्हणत. त्या दुपारी तर मी घरात आणि दारापुढच्या खळ्यात नुसत्या येरझाऱ्या घालत होते. आमचे हे बोटीवर स्वयंपाकी. लग्नाला तीन वर्षं झाली होती, त्यात ते घरी सगळे मिळून तीन महिने राहिले असतील. परवा पुन्हा निघायचे होते. आणि इतक्या दिवसांत मी त्यांच्यासोबत एकदाही जेवले नव्हते. त्यांचं आटोपलं की त्यांच्याच ताटावर मी बसायचं, हा आमच्याकडचा रिवाज.

या खेपेला त्यांनी फडक्यात गुंडाळून चीजचा मोठा तुकडा आणला होता.

“हे रे काय आणलंस? गोठ्यात कायतरी मेल्यासारखा वास सुटलाय!” सासूबाईंनी नाकाला पदर लावला.

घरातली चूल बाटायला नको, म्हणून खळ्यात शेगडी पेटवली. बोटीवरच्या स्विस आचाऱ्याकडून यांनी हा प्रकार शिकून घेतला होता. मडक्याला आतून लसूण चोळली, किसलेलं चीज आणि चिमूटभर तांदळाची पिठी टाकली. त्यात वाइन घालतात म्हणे. ती कुठून आणणार? लिंबू पिळलं. मी पावाचे तुकडे केले, बांबूच्या काड्या तासल्या.

“सगळ्यांनी एकाच मडक्यात बुडवून खायचं,” हे म्हणाले. “चल, बस.”

“उष्ट्यात उष्टं?” सासूबाई कडाडल्या. “आधी तू जेव. ती मागाहून खाईल.”

“मागाहून त्याचा दगड होतो, आये.”

यांनी काडी खाली ठेवली. निखारे विझत आले, चीज घट्ट व्हायला लागलं. माझा जीव टांगणीला लागला. मला त्या चीजचं मेलं काय कौतुक होतं! मला बसायचं होतं. सासूबाईंचा राग आला, यांचा आला, त्या निखाऱ्यांचासुद्धा आला.

सासूबाईंनी मडक्यात डोकावून पाहिलं. मग पाट उचलला आणि आमच्याकडे पाठ करून बसल्या.

“बस गो,” म्हणाल्या. “मी काय बघत नाय.”

मी बसले. चव विचाराल तर ताकाच्या जुन्या मडक्याची. पण हे हसले की मला समोरून दिसत होते. बघता बघता संपलं. तळाशी खरवड उरली. ती संपली की उठावं लागणार होतं. मी उगाच एकेक पापुद्रा काढत राहिले.

“सावकाश खरवड गो,” सासूबाई पाठमोऱ्याच म्हणाल्या. “तुझे सासरे पण बोटीवरच होते.”