द्राक्षबागेत मारलेली थाप

मी एका मुकादमाला थाप मारली आणि एका माणसाचं काम, छप्पर आणि औषध, तिन्ही घालवली.

नाशिकला एचआयव्हीच्या केंद्रात मी समुपदेशक आहे. रुग्णाची गुप्तता कशी पाळावी यावर नव्या कर्मचाऱ्यांपुढे तासभर बोलतो. मध्ये चहा आला तरी थांबत नाही.

सुरगाण्याकडचं एक जोडपं दिंडोरीच्या बाजूला द्राक्षबागेत मजुरीला होतं. नवऱ्याला एचआयव्ही. बायकोला माहीत, टोळीत कुणालाच नाही. छाटणीचं काम उक्तं, एक माणूस कमी झाला की सगळ्यांचंच काम रखडतं, म्हणून मुकादम त्याला केंद्रावर यायला सुट्टी देईना. गोळ्या चार दिवसांपूर्वीच संपलेल्या. मला राहवेना. गोळ्या पिशवीत घालून मोटारसायकलवर निघालो. परोपकाराची हवा डोक्यात गेली की हेल्मेटसुद्धा घट्ट होतं.

बांधावर मुकादमाने अडवलं. "कशाचं औषध?"

ताकदीचं म्हणालो असतो तरी भागलं असतं. पण थाप पटायला नको का? म्हणालो, "टीबीचं." टीबीची कुणाला लाज वाटत नाही, हा माझा सिद्धांत. गोळ्या दिल्या आणि घरी येईपर्यंत स्वतःवर खूश होतो.

महिन्याने तो गोळ्यांना आला नाही. फोन बंद. पुन्हा बागेत गेलो.

मुकादम म्हणाला, "बारा माणसं एका पत्र्याखाली झोपत्यात, बारकी लेकरं हायेत. टीबीवाल्याला कसा ठेवू? त्याच दिशी दोघांना लावून दिलं. तुमी सांगितलं ते लय बरं केलं."

त्या जोडप्याच्या पाड्यावर गेलो, तर दाराला कडी. शेजारी म्हणाले, गुजरातला वीटभट्टीवर गेलेत. कुठल्या, ते कुणालाच ठाऊक नाही. रजिस्टरात 'संपर्क तुटला' असं लिहिलं. कुणी तोडला, याला रकाना नसतो.

उन्हाळा संपता संपता त्याची बायको केंद्रावर आली. एकटी. भट्टीवरून त्याला उचलून घरी आणलं होतं. इतके महिने गोळी नाही. "आता उठून बसत बी नाय," ती म्हणाली. डॉक्टरांनी भरती करायला सांगितलं. आता भरती करून काय होणार होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

मी म्हटलं, "मी उद्या गाडी घेऊन पाड्यावर येतो."

ती गोळ्या पदरात बांधत होती. वर न बघताच म्हणाली, "नको साहेब. मी आणीन त्याला, जमलं तर. तुमी नका येऊ. तुमी आले का आमाला जागा सोडावी लागती."