रोवलेली काठी

“हे कुत्रं काही वाचत नाई आता. मालकिणीच्या मागंच जाते, पाहा.”

अंगणात बसलेल्या बायकांपैकी कोणीतरी हळूच म्हणालं आणि मी दारातच थबकले. नागपूरहून छोट्या रेल्वेगाडीने, पुढे बैलबंडीने आणि शेवटी डोंग्यातून वैनगंगा ओलांडून मी आरमोरीजवळच्या त्या गावी पोचले, तेव्हा गंगाआत्याला जाऊन आठवडा होत आला होता. भेटायला येणाऱ्यांच्या बोलण्यात तिच्याइतकाच तिचा कुत्रा भुराही होता. तो बकऱ्यांच्या कोठ्यासमोर बसून होता. तहान लागली की तेवढा बोडीवर, गावच्या तळ्यावर, जाऊन पाणी पिई आणि परत येऊन तिथेच बसे. पुढ्यात ठेवलेला भात कावळे नेत. आत्याचा मुलगा नामदेवभाऊ बकऱ्या घेऊन निघाला की भुरा मान वर करी, पण जागचा हलत नसे. कुत्र्यावाचून बकऱ्या पांगत. एक तर रानाच्या कडेला बिबट्याने उचलली होती.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवऱ्याच्या मागे तिने धानशेतीच्या बांध्या मुलाच्या हवाली केल्या आणि स्वतः बकऱ्या राखल्या. तिच्या कुत्र्यांची ख्याती आसपासच्या गावांत होती. आरमोरीच्या बाजारात तिचा कुत्रा मटणाच्या दुकानावरून मान न वळवता चालत जाई. लोक विचारत, “काऊन वो बाई, याले उपास हाय का?”

“हौ, याची रोजच चतुर्थी हाय,” आत्या म्हणायची आणि न थांबता पुढे जायची.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिच्यामागे रानात जायची. मी बोलत नसे, म्हणून तिला माझी अडचण नव्हती. पिल्लू आणलं की ती आधी त्याला करडांबरोबर कोठ्यात ठेवी. “बकरीनं दोनचारदा ढुसणी देली पायजे, मंग अदब येते.” नंतर मोकळ्या माळावर बकऱ्या मधे, पिल्लू पलीकडे आणि आत्या अलीकडे. ते बकऱ्यांवर झेपावलं तरी ती ओरडायची नाही, मारायची तर नाहीच. शांतपणे चालत जाऊन त्याच्या आणि बकऱ्यांच्या मधे उभी राहायची. पिल्लू थांबलं की लगेच बाजूला होऊन त्याला वाट द्यायची. पुन्हा काम करायला मिळणं, एवढंच त्याचं बक्षीस. आणि मोहाच्या झाडाखाली टेकायचं असलं की हातातली बांबूची काठी ती जमिनीत रोवायची. काठी उभी असेपर्यंत कुत्र्याने बसायचं. अंगावरून करडं उड्या मारोत, समोरून ससा जावो… मग ती काठी उपटायची आणि अगदी हलक्या आवाजात म्हणायची, “चाल बापा, झालं.”

भुरा वयात येताना बिघडला होता. त्याने एका करडाचा पाय फोडला, तेव्हा त्याला नदीपार सोडून द्यावं असं सगळ्यांचं मत पडलं. आत्या म्हणाली, “मले एक पावसाळा द्या.” पुढच्या सुट्टीत मी गेले, तेव्हा तेच करडू भुऱ्याच्या पोटाशी टेकून झोपलेलं होतं. त्याच सुट्टीत तिने एकदा काठी माझ्या हातात दिली. माझ्या तोंडून तिचे ते शब्द जेमतेम बाहेर पडले. नामदेवभाऊ खो खो हसला. “इंग्रजीत बोलून राह्यली का वो? कुत्र्याले समजून नाई राह्यलं!”

“तू ओरडतं म्हून तुह्यं कोणी आयकत नाई,” आत्या त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “तुहा आवाज बरा हाय, पोरी. कुत्र्याले असाच पायजे.”

शाळेत, घरी, पाहुण्यांसमोर… ‘जरा मोठ्याने बोल’ हेच मी ऐकत आले आहे. माझा आवाज बरा आहे असं दुसरं कोणी कधी म्हणालं नाही.

त्या दिवशी बायकांच्या मागे बसून मी कोठ्याकडे पाहिलं. भुऱ्याची हाडं दिसत होती. त्याच्यासमोर आत्याची काठी जमिनीत उभी होती. तिला हळदकुंकू लावलेलं, वर झेंडूचं फूल.

“सकाळी इथीच काठी रोवून माय टेकली,” नामदेवभाऊ सांगू लागला. “छातीत कळ आली म्हने. आम्ही तशीच बंडीत घालून दवाखान्यात नेली… ते परत आलीच नाई. काठी राहू देली आम्ही. तिचा शेवटचा हात लागला हाय. कोणाले शिवू नाई देत.”

मी भुऱ्याकडे पाहिलं. त्याची नजर दारावर नव्हती, आत्या गेली त्या वाटेवरही नव्हती. ती काठीवर होती. दुःख त्यालाही असेलच. पण तो आत्याचं ऐकत बसला होता. आणि आम्ही सगळे त्या काठीला नमस्कार करत होतो.

मी उठले. एवढ्या माणसांसमोर मी कधीच उठून काही केलेलं नव्हतं. काठीला हात घातला तशी मागून ओरड झाली, “अवो, नको, नको!” नामदेवभाऊ पुढे आला. माझ्या तोंडाकडे पाहून मधेच थांबला, आणि त्याने हात वर करून बायकांना गप्प केलं. माती सुकून घट्ट झाली होती. दोन्ही हातांनी ओढावी लागली. फूल खाली पडलं. भुऱ्याने कान उभारले.

मी त्याच्याकडे वाकले. आवाज निघाला, होता तसाच, हलका.

“चाल बापा,” मी म्हणाले. “झालं.”