ताईंच्या कॉलेजातली माझी खाटली

लोकांना वाटतं इमारत बांधली, पाटी लावली की कॉलेज झालं. ताईंनी डिझाइनचं कॉलेज काढलं तेव्हा पाटी नव्हती आणि खुर्च्याही नव्हत्या. सुरतेला उधन्यात एका लूमच्या कारखान्यावर लांबट खोली होती, पत्र्याची. खाली माग चालू झाले की वर जमीन थरथरायची आणि बोललेलं ऐकू यायचं नाही. ताईंना ती खोली मिळाली कारण दुसरं कोणी ती घेत नव्हतं.

ताई बँकेतल्या साहेबांच्या बायको. पुण्याकडच्या. सुरतेच्या एका शाळेत चित्रकला शिकवायच्या, ती नोकरी सोडली. मला म्हणायच्या, "वहिनी, या गावात एवढं कापड निघतं आणि त्यावर फूल कोणतं काढायचं ते ठरवायला माणूस मुंबईहून येतो. माझ्या शाळेतल्या पोरींचे हात काय मोडलेत?" हे सांगताना त्यांचा आवाज असा चढायचा की जणू तो मुंबईचा माणूस मीच आहे.

मी तेव्हा घरी खाटलीवर काम करायची. खाटली म्हणजे लाकडी चौकट, तिच्यावर साडी ताणून बांधायची आणि वाकड्या टोकाच्या आरीने टिकल्या, मणी, जर भरायची. आमच्या गल्लीत एक म्हातारी होती, तिच्या नवऱ्याचा तोच धंदा. तिच्याजवळ बसून बसून मी शिकले. आमचे हे लूमवर होते. गाव आमचं धुळ्याकडे. माझं शिक्षण चौथी. लिहायला वाचायला येतं, पण चार माणसांत तोंड उघडायचं मला जमत नाही. लहानपणापासूनच.

ताई गल्लीत आल्या त्या हातकाम शिकवणारी बाई शोधत. पुरुष कारागीर मिळत होते, पण आईबाप म्हणत, पुरुषासमोर मुली मान खाली घालून तासन् तास बसणार नाहीत. ताई माझ्या दारात उभ्या राहिल्या आणि खाटलीवरची साडी बघतच राहिल्या.

"वहिनी, शिकवाल?"

मी जमिनीकडे बघत म्हटलं, "मला बोलता येत नाही."

"आत्ता बोललात की!" ताई हसल्या. "आणि तिथं बोलायचंच नाही. खाली माग चालू असतात, तुम्ही ओरडलात तरी कोणाला ऐकू जाणार आहे? तुम्ही हात चालवा, पोरी बघतील."

तसंच झालं. मी मधे बसायची, पोरी दोन्ही बाजूंनी. मी टाका घालायची, थांबायची, मान वळवून एकेकीच्या हाताकडे बघायची. चुकलं की तिचं बोट धरून फिरवायची. बस. पोरी मला मासी म्हणत, म्हणजे मावशी. गुजराती होत्या, खानदेशी होत्या, एक तेलुगू होती. माग बंद असले की त्यांची मस्करी चालायची. एकदा एक म्हणाली, "मासीना क्लासमां तो मच्छर पण चूप रहे छे." मला इतकं हसू आलं की हातातली आरी सुटली.

ताई लूनावरून गाव पालथं घालायच्या. मिलवाल्यांकडून डाग पडलेलं, छपाई हुकलेलं कापड मागून आणायच्या, पोरींना हात बसवायला. शेठ लोकांकडे जायच्या, मलाही एकदा नमुने धरायला नेलं होतं. शेठ गादीवर टेकून बसलेले. म्हणाले, "बेन, छोकरीओ परणीने जती रहेशे, पछी?" पोरी लग्न करून गेल्या की मग काय, असं त्यांचं.

ताई म्हणाल्या, "शेठ, सासरे पण साडी तो पहेरशे ने?" सासरी गेल्या तरी साडी नेसतीलच की.

गादीवरची सगळी माणसं हसली. शेठही हसले. मग त्यांनी कापडाचा तागा काढायला सांगितला. खाली आल्यावर ताईंनी माझा हात धरला. त्यांचा हात गार पडला होता. वर कोणाला कळलं नसतं ते.

प्लेगची साथ आली त्या वर्षी आमची अर्धी गल्ली एका दिवसात गावाकडे गेली. आम्हीही गेलो. परत आलो तेव्हा मला वाटलं, संपलं सगळं. खोलीवर गेले तर ताई एकट्याच तोंडाला फडकं बांधून फरशी पुसत होत्या. दोनच पोरी आल्या होत्या. ताई म्हणाल्या, "दोन तर दोन. वहिनी, बांधा खाटली." दुपारी आम्ही दोघींनी डबे एकत्र करून खाल्लं. माझी भाकरी आणि ठेचा, त्यांची मुगाची उसळ. त्यांना ठेचा सोसायचा नाही, डोळ्यांतून पाणी यायचं, तरी घ्यायच्या. त्या दुपारी त्यांनी मला सांगितलं की साहेबांची बदली झाली आहे, ते जाणार आहेत आणि त्या राहणार आहेत. मी भाकरीचा तुकडा त्यांच्यापुढे ठेवला. माझं न बोलणं त्यांना चालायचं. दुसऱ्या कोणाजवळ त्या असं सांगत असतील असं मला वाटत नाही.

मग कडोदऱ्याच्या रस्त्याला इमारत झाली. शेठ लोक ट्रस्टवर आले, पाटी लागली, पुस्तकांचं कपाट आलं, चित्राची उतरती टेबलं आली. हातकामाला वरचा मोठा वर्ग. ताईंनी खिडकीजवळची जागा दाखवली आणि म्हणाल्या, "ही तुमची. उजेड इथेच चांगला आहे." लूमचा आवाज तिथे नव्हता. पहिले काही दिवस मला माझ्याच श्वासाची लाज वाटायची. पण पोरींना माझी सवय होती, नव्यांना जुन्या सांगायच्या, मासी बोलत नाहीत, हात बघ.

त्याच वर्षी मान्यतेसाठी तपासणी ठरली. मुंबईहून मोठी माणसं येणार होती. मान्यता मिळाली तर पोरींच्या कागदाला किंमत, नाही तर शिवणक्लास आणि आपल्यात फरक काय, असं ताई म्हणायच्या. त्या महिन्यात त्या नीट जेवल्याही नसतील. मला म्हणाल्या, "वहिनी, कोणी विचारलं तर एवढंच सांगा, मी हातकाम शिकवते. बाकी मी बघते." मी ते वाक्य चुलीपुढे म्हणायची, पाणी भरताना म्हणायची. मी हातकाम शिकवते. मी हातकाम शिकवते. धाकटी मुलगी मला चिडवायला लागली होती.

ती माणसं वर्गात आली तेव्हा मी खाटलीवर होते, पोरी दोन्ही बाजूंनी. तीन पुरुष, मागे ताई, मागे ट्रस्टचे शेठ. आता काय झालं ते मी नीट सांगते. आमच्याकडे परका पुरुष माणूस दारात आला की बसलेली बाई उठते, डोक्यावर पदर घेते आणि आधी पाणी देते. मग बोलणं. हे कोणी शिकवत नाही, हात-पाय आपोआप उठतात. मी उठले. पदर घेतला. कोपऱ्यात माठ होता, तिथून ग्लास भरले आणि ट्रे घेऊन आले.

तोवर त्यांतले एक जण माझ्या खाटलीपाशी उभे राहून टाके बघत होते. त्यांनी विचारलं, "हे छान आहे. इथे कोण शिकवतं?" आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातातल्या ट्रेमधला ग्लास उचलला.

वाक्य माझ्या ओठांवर होतं. मी ताईंकडे बघितलं. पोरींनीही ताईंकडे बघितलं. एक पोरगी, जुनी, उठलीच, "सर, आ तो अमारां मासी..." ताईंनी तिच्याकडे बघितलं तशी ती खाली बसली.

ताई म्हणाल्या, "इथली नेमणूक व्हायची आहे, सर. डिप्लोमा झालेली मुलगी बघतोय."

"हो, ते लागेलच," ते म्हणाले. त्यांनी ग्लास परत ट्रेमध्ये ठेवला. "चहा मिळेल का?"

"हो, हो. बाई, चहा सांगा."

मला बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत ताईंच्या तोंडून मी वहिनी सोडून दुसरं काही ऐकलं नव्हतं. मी खाली गेले, चहा सांगितला, तो आला तेव्हा मीच वर नेला. सगळ्यांना दिला. ताईंनाही दिला. त्यांनी कप घेतला, पण वर बघितलं नाही.

संध्याकाळी ताई घरी आल्या. पेढ्याचा पुडा आणला होता. हे आत हात-पाय धूत होते. ताई ओट्यावर बसल्या आणि सारखं बोलत राहिल्या.

"वहिनी, तुम्ही ट्रे घेऊन उभ्या. त्याच्या मनात जे बसलं ते मी कसं पुसू? मी म्हटलं असतं ह्याच शिकवतात, तर पुढचा प्रश्न होता शिक्षण किती. चौथी सांगायचं? सगळ्यांसमोर? कॉलेज गेलं असतं हो. इतक्या पोरींचं... तुम्ही रागावलात?"

"नाही."

"खरं सांगा."

"नाही ताई."

त्यांचं सगळं बरोबर होतं. त्यात एकही गोष्ट खोटी नव्हती. मी वाट बघत होते ती त्या एका शब्दाबद्दल काही बोलतील याची. त्या बोलल्या नाहीत. कदाचित तो आपल्या तोंडून गेला हे त्यांच्या लक्षातही आलं नसेल. जाताना मुलीच्या हातावर पेढा ठेवला.

त्या गेल्यावर हे म्हणाले, "कालेजमा पानी देवाले गयथी का तू?" मी पेढ्याचा पुडा फळीवर ठेवला. मग जरा हळू आवाजात, "तू काबर बोलनी नही?" का बोलली नाहीस, एवढंच. हे मला कधी असं मऊ बोलत नाहीत. म्हणून मला रडू आलं.

मान्यता मिळाली. डिप्लोमावाली मुलगीही आली. ती माझीच विद्यार्थिनी होती, लूमवरच्या खोलीतली. मुंबईला शिकून आली होती. तिने पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर माझ्या पाया पडून म्हटलं, "मासी, तुम्ही इथेच बसायचं, माझ्याजवळ." ती चांगली मुलगी. पण खिडकीजवळ एकच माणूस बसू शकतो. मी कापड ताणून द्यायची, मणी निवडायची, सांडलेल्या टिकल्या झाडून गोळा करायची. कागदावर मी मदतनीस होते.

ती बोलून शिकवायची. फळ्यावर टाका मोठा करून काढायची, कुठे काय अडतं ते सांगायची, मधेच विनोद करायची. पोरी हसायच्या, आणि शिकायच्याही. लवकर शिकायच्या. मला वाटायचं काहीतरी बिघडेल, कोणाचा तरी हात वळणार नाही, मग मला हाक मारतील. तसं काही झालं नाही.

ताई आता खालच्या केबिनमध्ये असायच्या. टेलिफोन, ट्रस्ट, प्रवेश, वीजजोडणी. जिन्यात भेटल्या तर थांबायच्या, "कसं काय वहिनी, मुली बऱ्या?" आणि उत्तर ऐकता ऐकता पुढे जायच्या. डबा मी वरच खायची, मी आणि माठ. त्यांच्यावर किती ओझं होतं ते मला दिसत होतं. एकट्या बाईने शेठ लोकांच्या मधे बसून कॉलेज चालवणं सोपं नाही. मी त्यांच्या जागी असते तर पहिल्याच दिवशी पळाले असते. हे कळत होतं म्हणूनच मला धड रागावताही येत नव्हतं. राग आला असता तर बरं झालं असतं.

एक दिवस एक नवी पोरगी, आमच्याच बाजूची, मी कापड बांधत होते तेव्हा वाकून म्हणाली, "मावशी, तुम्हाला येतं का हो हे काम?"

"थोडंफार," मी म्हटलं.

खिडकीजवळ माझ्या विद्यार्थिनीचा हात थांबला. तिने ऐकलं होतं. क्षणभर वाटलं ती काही बोलेल. मग तिने पुढचा टाका घातला. तिलाही नोकरी टिकवायची होती.

मी खाली गेले. ताई फोनवर होत्या. मी दारात उभी राहिले. त्यांनी फोनवर हात ठेवला.

"काय वहिनी?"

"उद्यापासून येणार नाही."

"तब्येत?"

"हं."

"बरं," ताई म्हणाल्या. "जपा." फोनकडे वळल्या. मी तिथेच उभी होते. थोड्या वेळाने त्यांनी परत मान वर केली. "अजून काही?"

"नाही ताई."

मी बाहेर येऊन उधन्याच्या रिक्षाची वाट बघत उभी राहिले. एक भरून गेली, दुसरीही भरलेलीच होती. तिसरीत जागा होती पण मी ती जाऊ दिली. कोणी शिपाई मागून येईल असं वाटत होतं. घरी मी सांगितलं, सुट्टी आहे.

पुढे बरेच दिवस मी सकाळी त्याच वेळेला साडी बदलायची, वेणी घालायची आणि ओट्यावर बसायची. मुलगी विचारायची, "आई, कुठं जायचंय?" मी म्हणायची, कुठं नाही. नव्या कॉलेजात कामाचा डोंगर असतो, ताईंना मला बोलवायला कुठून वेळ मिळणार, आज जमलं नसेल, असं मीच मला समजवायची. लूमची पाळी बदलली की माणसं गल्लीतून जायला लागायची. मग मी आत जाऊन साडी उतरवून घडी घालायची.