माझ्या घरातल्या किंकाळ्या

परवा भरदुपारी बाथरूममध्ये पाय घसरून पडले. नवरा बँकेत, घरात मी एकटी... आणि किचनमध्ये मोबाईलवर एका बाईचा खून चालू.

म्हणजे वेब सिरीजमध्ये. भाजी निवडतानासुद्धा मला खून लागतो, आणि आवाज फुल. नवऱ्याच्या बदलीमुळे बनारसला आलो, मंगला गौरीच्या देवळाजवळ वरच्या मजल्यावर राहतो. मला मुळात माणसांचा कंटाळा. शेजारी पिढ्यान्‌पिढ्या इथलंच झालेलं एक मराठी कुटुंब आहे. तिथल्या काकूंनी हळदीकुंकवाला बोलावलं, तेव्हाही डोकं दुखतंय सांगून मी पुढचा एपिसोड लावला होता.

तर पडले. घोटा असा पिरगळला की उठताच येईना. खिडकी गल्लीत उघडते, म्हणून जीव खाऊन ओरडले, "बचाओ, कोई है?" नेमकी तेव्हाच मोबाईलमधली बाईही तेच ओरडली...

खालच्या मजल्यावरच्या भाभींचा आवाज आला, "लो, ऊपर वाली का फिर शुरू हो गया." आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

मी पुन्हा ओरडले. मग ती. मग मी. थोड्या वेळाने मला माझाच आवाज खोटा वाटायला लागला... ओव्हरअ‍ॅक्टिंग केल्यासारखा. तिचं ओरडणं जास्त खरं होतं. तेव्हा मात्र अंगावर काटा आला.

पाय जरा हलवायला गेले आणि कळ थेट मस्तकात गेली. "आई गं..." एवढंच तोंडातून निघालं.

एव्हाना मोबाईलमधली बाई मेली होती. सगळं शांत. आणि गच्चीवर पावलं वाजली... सोबत काठीचा आवाज. पुढचं दार आतून बंद होतं, गच्चीचं कपडे वाळत घालायला उघडं ठेवलेलं.

टक... टक... जिन्यावरून खाली. इतका वेळ मदतीसाठी घसा फोडत होते, पण ही मदत असेल असं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. मी तोंडावर हात दाबला आणि श्वास रोखून पडून राहिले.

काठी बाथरूमशी थांबली. दार हळूच ढकललं गेलं.

काकू होत्या. माकडं हाकलायची काठी घेऊन त्यांच्या गच्चीवरून आमच्या गच्चीवर आलेल्या. "चुप का झालीस गं एकदम? मी घाबरले ना."

डॉक्टरकडे जाताना रिक्षात त्यांना विचारलं, तुम्हाला कळलं कसं... म्हणाल्या, "तुझ्या पिक्चरमध्ये रोजच कोणी ना कोणी चिल्लावतं गं. पण 'आई गं' कोणी नाही म्हणत."

मला रडू फुटलं. पाय दुखत होता म्हणून नाही.

आता प्लास्टर आहे. काकू रोज दुपारी येतात, अर्ध्या हिंदीत गल्लीभरच्या गोष्टी सांगतात, आणि खरं सांगू, मी वाट बघत असते. खून अजूनही बघते, खोटं कशाला बोलू. पण आवाज बारीक ठेवून... माझी हाक शेजारी पोचेल, एवढी शांतता आता घरात लागते मला.