कोंड्याचं पोतं आणि सातचा आकडा

सुखदेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. तुमसरच्या ज्या राइस मिलमध्ये तो फिटर होता, तिथला त्याचा जोडीदार बोलत होता. "सर, सुखदेवभाऊ गेले. सकाळी मशीनचा पट्टा चढवून राहिले होते, तिथंच खाली बसले... मंग उठलेच नाही." मी विचारलं, "कधी?" तिकडून आवाज आला, "हॅलो? सर? आयकू येऊन नाही राहिलं." मी पुन्हा म्हणालो, "कधी?" हॅलो, हॅलो करत त्यानं शेवटी फोन ठेवला. कंपवातानं माझा हात थरथरतो हे सगळ्यांना दिसतं. हा आजार आवाजही खाऊन टाकतो, हे मात्र ज्याचं जातं त्यालाच कळतं. ज्या माणसानं माझा आवाज थोडाफार परत मिळवून दिला होता, त्याच्याच बातमीला तो फुटला नाही. पुढे महिनाभर मी घरात हातानं खुणा करून बोलत होतो, आणि बायको खुणा कळत असूनही न कळल्यासारखं करत होती.

सुखदेव माझा विद्यार्थी, आणि गणितात अगदी ढ. मी बत्तीस वर्षं गणित शिकवलं. माझा आवाज तीन वर्ग ओलांडून जायचा आणि हातही सैल होता, हे आता लपवण्यात अर्थ नाही. पाढा अडला म्हणून सुखदेवला मी भर वर्गात कानशिलात लगावली होती. पुढे तो नागपूरला गेला, काही वर्षं बॉक्सिंग खेळला, परत येऊन मिलमध्ये लागला. त्याच्या वडिलांना कंपवात झाला तेव्हा त्यानं बारदान्याच्या पोत्यात धानाचा कोंडा ठासून भरला, ते घराच्या आढ्याला टांगलं आणि म्हाताऱ्याला रोज त्यावर ठोसे मारायला लावले. वडिलांची पावलं सुधारली. काही वर्षांनी ते गेले, पोतं राहिलं, आणि ते पाहून एकेक जण येऊ लागला. मग मिलच्या शेठनं गोदामाचा एक कोपरा दिला. मंगळवार आणि शुक्रवार, सकाळी सात वाजता.

मला तिथं बायकोनं ओढत नेलं. मी दारातच थबकलो. तीनचाकी सायकलवर बसलेला एक टेलर, अर्धांगवायूनं डावी बाजू गेलेल्या एक बाई, वजन कमी करायला आलेले दोन धडधाकट व्यापारी, आणि मंदा. मंदा मिलमध्ये धान पाखडणाऱ्या बाईची मुलगी, पंचविशीची, बुद्धीनं पाच-सहा वर्षांची. सगळ्यांच्या हाताला जुन्या लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. सुखदेवनं माझ्या हातालाही पट्टी बांधायला घेतली आणि हसत म्हणाला, "सर, इथं मारायचं फक्त पोत्याले नाही तं हवेले. माणसाले बोट लावायचं नाही. तुमाले जड जाईल थोडं." कानशिलाचा तो हिशेब त्यानं एवढ्यावर मिटवला. मी मात्र आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थ्यासमोर खाली पाहिलं.

त्याच्या वर्गाची एक रीत होती. ठोशांचा आकडा तो स्वतः कधीच म्हणायचा नाही. ज्याला सगळ्यात जास्त वेळ लागतो त्यानं मोजायचं आणि बाकीच्यांनी त्या चालीनं मारायचं. त्यामुळे कोणी मागे पडायचंच नाही. मोजायची मंदा. एक... दोन... तीन... सहापर्यंत सुरेख जायची आणि पुढे थेट आठ. सात तिच्या गावीच नव्हता! सगळे खुशाल नऊच ठोसे मारून दहा झाले म्हणायचे. मी तीन दिवस सहन केलं. चौथ्या दिवशी माझ्यातला मास्तर उसळला. आवाज नव्हता, म्हणून शेजारच्या पत्र्याच्या डब्यावर जोरात हात आपटला आणि तिच्यावर डोळे वटारले. मंदा पोत्यामागे जाऊन उकिडवी बसली, दोन्ही हात कानांवर. पुढचे दोन आठवडे ती आलीच नाही.

सुखदेव घरी आला. बायकोनं चहा ठेवते म्हटलं तरी बसला नाही. "सर, हा तुमचा वर्ग नाही," तो म्हणाला. इतका शांत की मला ते कानशिलात बसल्यासारखं वाटलं. "तिले सात येत नाही. तुमचा आवाज येत नाही. दोघं मिळून दहा पुरे करा." मी पुटपुटलो की मला नाही जमणार. "काहून नाही जमणार? एकच तं आकडा हाय." त्यानं मला तसंच मंदाच्या घरी नेलं. मंदाची आई बिचारी ओशाळून पदर सावरत होती आणि मला माफीचा शब्द सापडत नव्हता. मंदानं माझ्या थरथरत्या हाताकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "थंडी वाजते का तुमाले?" मी मान हलवली. शुक्रवारी ती आली.

तेव्हापासून दोन वर्षं मी दर मंगळवारी, शुक्रवारी फक्त सात म्हणत होतो. मंदा सहा म्हणून माझ्याकडे बघायची, सगळे मुठी वर धरून थांबायचे, आणि माझा सात गोदामाच्या पत्र्यापर्यंत पोहोचेस्तोवर सुखदेव पुढे जाऊ द्यायचा नाही. "पोत्याले आयकू नाही आला, सर." सुरुवातीला घशातून नुसती हवा यायची. मग खर्ज, मग शब्द. एक दिवस मी पुण्याच्या मुलाला स्वतः फोन लावला आणि तो म्हणाला, "बाबा, तुम्ही?" मी बाजारात जाऊन भाव विचारू लागलो. बत्तीस वर्षं बोलून जे कमावलं नव्हतं ते मी एका आकड्यात कमावलं, असं मला अगदी खरं वाटतं.

सुखदेवनंतर वर्ग बंदच झाला असं मी धरून चाललो होतो. गेल्या मंगळवारी बायकोनं माझ्या हाताला पट्ट्या बांधल्या आणि मला गोदामापर्यंत नेऊन सोडलं. सगळे आले होते. मधोमध पोतं टांगलेलं. कोंडा खाली बसतो, वरचा भाग पोकळ होतो, म्हणून सुखदेव दर मंगळवारी ते उतरवून उलटं टांगायचा. महिनाभर कोणी हात लावला नव्हता. खालून दगडासारखं, वरून लुळं. दोघा व्यापाऱ्यांनी ते उतरवलं, उलटं केलं, पुन्हा टांगलं. मग मंदा तिच्या जागेवर उभी राहिली.

एक... दोन... तीन... चार... पाच... सहा.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि काहीच आलं नाही. सगळ्यांच्या मुठी वर. टेलरचा हात थकला, तरी खाली येईना. मला वाटलं, आता ती आठ म्हणेल आणि सुखदेवनं शिकवलेलं सगळं संपेल.

"सर, सात," मंदा हळूच म्हणाली.

आवाज न फुटता मी नुसते ओठ हलवले, "तुला येतो?"

"केव्हाचा येते," ती म्हणाली. "भाऊनं सांगतलं होतं, तुले आला तरी म्हणू नको. तो सात सरांचा हाय."

पोतं समोर स्थिर लटकत होतं, त्याच्या शिवणीतून थोडा कोंडा गळत होता. त्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी सात म्हणालो, आणि सगळ्यांनी मिळून ठोसा मारला.